ज्येष्ठ निवासातलं राजकारण: बंदी नको, बैठक द्या

प्रश्न: आमच्या ज्येष्ठ निवासात ८०च्या आसपास रहिवासी आहेत आणि तिथल्या कार्यक्रमांची जबाबदारी माझ्याकडे आहे. सामाईक दालनात सकाळपासून बातम्यांची वाहिनी चालू असते आणि संध्याकाळी देशाच्या राजकारणावरून आवाज चढतात. गेल्या महिन्यात ११ वर्षांची मैत्री असलेले दोघे एकमेकांशी बोलायचे थांबले. आता जेवायलाही वेगळ्या टेबलांवर बसतात. व्यवस्थापनाचं म्हणणं आहे की राजकारणावर बोलायला बंदीच घालून टाकू. मी काय करावं?

उत्तर:

बंदी घालू नका. बाकीचं सगळं सावकाश वाचलंत तरी चालेल, पण एवढं व्यवस्थापनाच्या कानावर आजच घाला.

गेली २२ वर्षं मी ज्येष्ठ निवासांमध्ये समुपदेशन करते आणि गटचर्चा चालवते. अशी बंदी घातलेली दोन ठिकाणं मी जवळून पाहिली आहेत. दोन्हीकडे दालन शांत झालं आणि व्यवस्थापनाला हायसं वाटलं. वाद मात्र संपले नव्हते, ते फोनवरच्या गटांत जाऊन बसले होते. तिथे चेहरा दिसत नाही, बोलता बोलता आवाज मऊ करता येत नाही आणि रात्री ११ वाजता रागाने पाठवलेला मजकूर समोरचा माणूस पहाटे ४ वाजता एकटा वाचतो. शिवाय जे लोक केवळ बातम्यांच्या निमित्ताने खोलीबाहेर पडायचे, त्यांनी दालनात येणंच सोडलं. त्यांतल्या ८४ वर्षांच्या एका बाईंनी मला विचारलं होतं, "घर सोडलं, स्वयंपाकघर सोडलं, गाडीची किल्ली मुलाच्या हातात दिली. आता मतसुद्धा दाराबाहेर काढून ठेवायचं का?" त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

राजकारण हा या वयातला वेळ घालवायचा विषय आहे, असं समजणाऱ्यांनी निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाशेजारी अर्धा तास बसावं. ठेवींवरचं व्याज, औषधांच्या किमती, आरोग्यविम्याच्या अटी यांतला लहानसा बदलही त्याच्या महिन्याच्या हिशेबात लगेच दिसतो. संयुक्त राष्ट्रांनी १९९१ साली वृद्धांसाठी १८ तत्त्वं स्वीकारली. ती पाच गटांत मांडलेली आहेत आणि त्यांतला एक अख्खा गट 'सहभाग' या नावाचा आहे. आपल्या हिताशी थेट संबंध असलेली धोरणं ठरवताना आणि राबवताना वृद्धांचा सक्रिय वाटा असावा, असं त्यात म्हटलं आहे. व्यवस्थापनाच्या सभेला जाताना तो कागद छापून बरोबर न्या.

आता भांडणाकडे येऊ. मला कुठेही बोलावलं की पहिल्या दिवशी मी कोण कोणत्या पक्षाचं, हे विचारत नाही. दालनाच्या कोपऱ्यात बसते आणि कोणाला काय ऐकू येतंय, एवढंच पाहते. हे ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल, पण राजकारणावरून पेटलेल्या निम्म्या वादांची सुरुवात कानातून झालेली मी पाहिली आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार ६० वर्षांवरच्या २५ टक्क्यांहून अधिक लोकांना रोजच्या जगण्यात अडचण येईल इतकं कमी ऐकू येतं. ज्येष्ठ निवासातलं सरासरी वय त्याहून पुष्कळ जास्त असतं, तेव्हा तुमच्या दालनात काय असेल याचा अंदाज करा. वयाबरोबर आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स्वर खालच्या पट्टीत असल्यामुळे ते ऐकू येत राहतात, पण 'स', 'श', 'फ', 'थ' यांसारखी व्यंजनं पुसट होतात. म्हणून ही माणसं म्हणतात, "आवाज येतो हो, शब्द कळत नाहीत." त्यात मागे टीव्ही चालू असला की संपलंच. श्रवणयंत्र बोलणं मोठं करतं तसा गोंगाटही मोठा करतं. मग ज्याला स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही तो मोठ्याने बोलतो आणि समोरच्याला तो चिडलाय असं वाटतं. ज्याने चुकीचा शब्द ऐकला तो भलत्याच मुद्द्याला उत्तर देतो आणि हट्टी ठरतो. एकदा माझ्यासमोर एक गृहस्थ एका मंत्र्याबद्दल म्हणाले, "त्यांना तिथे बसवलं." शेजारच्यांनी ऐकलं, "त्यांना तिथे फसवलं." पुढची १० मिनिटं दोघेही पोटतिडकीने दोन वेगवेगळ्या विषयांवर भांडत होते आणि तिसऱ्या कोणाच्याही ते लक्षात आलं नाही.

तेव्हा सगळ्यांत आधी जागा नीट करा. चर्चेच्या वेळी टीव्ही पूर्ण बंद हवा, आवाज कमी करून भागत नाही. खुर्च्या रांगेत न ठेवता गोल मांडा आणि एका गोलात ८ ते १० जणच बसवा. बोलणाऱ्याच्या पाठीमागे खिडकी नको, कारण चेहऱ्यावर अंधार आला की ओठ दिसत नाहीत आणि कमी ऐकू येणारे लोक नकळत ओठ वाचत असतात. फरशी उघडी असेल तर जाड पडदे लावा, आवाजाचा घुमणारा पडसाद कमी होतो. हातात फिरवायचा एक माइक घ्या. ज्याच्या हातात माइक तो बोलणार, हा नियम कोणाला समजावून सांगावा लागत नाही. आणि ज्यांनी कित्येक वर्षांत कान तपासले नाहीत त्यांच्यासाठी ऑडिओलॉजिस्टना निवासातच बोलवा. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४च्या अहवालात डिमेन्शियाचा, म्हणजे विस्मरणाच्या आजाराचा, धोका वाढवणारे पण टाळता येण्याजोगे १४ घटक दिले आहेत. कमी ऐकू येणं आणि माणसांपासून तुटणं ही दोन्ही त्या यादीत आहेत. चर्चेत बसता न येणारा माणूस या दोन्ही बाजूंनी नुकसान सोसत असतो.

वेळही बदला. संध्याकाळ नको. वयस्क माणसांचं लक्ष आणि संयम बहुधा सकाळी चांगले असतात. विस्मरणाचा आजार असलेल्यांना तर दिवस मावळताना अस्वस्थ वाटू लागतं, गोंधळायला होतं. तुमच्याकडे भांडणं संध्याकाळी होतात यात मला नवल वाटत नाही. दिवसभर एकच बातमी २० वेळा ऐकून दमलेली माणसं त्या वेळी एकत्र येतात.

त्या २० वेळा ऐकण्याचाही विचार करायला हवा. एखादं विधान वारंवार कानावर पडलं की ते खरं वाटू लागतं, हे १९७७ साली हॅशर, गोल्डस्टीन आणि टॉपिनो यांनी प्रयोगातून दाखवलं आणि नंतर अनेकांना तेच आढळलं. अखंड चालणारी वृत्तवाहिनी हे करायला एकदम सोयीची असते, मग ती कोणत्याही बाजूची असो. मी सुचवते ते असं: दिवसातून दोन ठरलेली बातमीपत्रं, मध्ये टीव्ही बंद आणि वाचनाच्या टेबलावर वेगवेगळ्या भूमिकांची किमान दोन वर्तमानपत्रं. पण हा फतवा तुम्ही काढू नका. रहिवाशांची सभा घ्या, वेळा त्यांना ठरवू द्या आणि रिमोटची जबाबदारी दर आठवड्याला एकेकाकडे सोपवा. एलेन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन यांनी १९७६ मध्ये एका शुश्रूषागृहात केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. ज्या रहिवाशांना लहानसहान निर्णय स्वतः घ्यायला दिले आणि सांभाळायला एक रोपटं दिलं, ते इतरांपेक्षा अधिक उत्साही आणि सजग दिसले. रिमोट म्हणजे तेच रोपटं समजा.

आता बैठक. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी, तासभर. विषय एकच, आणि तो व्यक्तीचा नको. 'अमुक नेता चांगला की वाईट' यावर कोणाचं मत आजवर बदललेलं मी पाहिलं नाही. 'निवृत्तीचं वय वाढवावं का', 'वयस्कांसाठीचा आरोग्यविमा कोणी भरावा' असे विषय घ्या. प्रत्येकाच्या हातात एक पान द्या, अक्षर मोठं, ओळींत भरपूर जागा. पानाच्या वरच्या भागात तपासलेली माहिती आणि खाली दोन्ही बाजूंचे मुद्दे. हे पान दोन विरुद्ध मतांच्या रहिवाशांनी मिळून तयार करायचं. ही कल्पना माझी नाही. राज्यशास्त्राचे अभ्यासक जेम्स फिशकिन यांनी १९८८ मध्ये विचारपूर्वक जनमत घेण्याची एक पद्धत मांडली आणि १९९४ मध्ये ब्रिटनमधल्या मँचेस्टरला तिचा पहिला मोठा प्रयोग झाला. विषय गुन्हेगारीचा होता. आधी दोन्ही बाजूंचा मजकूर वाचायचा, मग लहान गटांत बोलायचं आणि शेवटी तज्ज्ञांना विचारायचे प्रश्न मिळून ठरवायचे. मी त्यातला शेवटचा भाग फार मोलाचा मानते. चर्चेतून निकाल काढायचा नाही, प्रश्न काढायचे.

पान मोठ्याने वाचून झालं की मी एकच गोष्ट विचारते: "हे कसं चालेल, जरा पायरी पायरीने सांगा." "तुम्हाला असं का वाटतं?" हे मी मुद्दाम विचारत नाही. 'का' विचारलं की माणूस आपल्या मताभोवती कुंपण घालू लागतो. 'कसं' विचारलं की त्याला स्वतःच्याच माहितीतली भोकं दिसतात. फिलिप फर्नबाख आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये यावर प्रयोग केले होते. एखादं धोरण नेमकं कसं काम करेल हे समजावून सांगायला लावल्यावर लोकांची टोकाची मतं काहीशी सौम्य झाली, नुसती कारणं द्यायला लावल्यावर तसं झालं नाही. माझा अनुभव त्याच्याशी जुळतो. एका बैठकीत बँकेतून निवृत्त झालेले एक काका सर्व उपचार सरकारने मोफत द्यावेत म्हणत होते आणि दवाखान्यात आयुष्य काढलेल्या एक ताई सगळं खासगी करा म्हणत होत्या. 'कसं' सुरू झालं आणि २० मिनिटांत दोघेही रुग्णवाहिकेचा खर्च कोणाच्या खात्यावर पडतो या एकाच प्रश्नाशी येऊन थांबले. त्याचं उत्तर दोघांनाही ठाऊक नव्हतं. त्या दिवशीचे तीन प्रश्न कागदावर उतरवून, सगळ्यांच्या सह्या घेऊन आम्ही लोकप्रतिनिधीला पाठवले. ही सवय तुम्हीही लावा. बोलणं कुठेतरी पोचतंय असं वाटलं की आवाज आपोआप खाली येतो.

नियम फार करू नका. मी दोनच पाळायला लावते. पहिला, 'तुम्ही लोक' हे दोन शब्द उच्चारायचे नाहीत. दुसरा, उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं आणि समोरच्याने "हो, असंच म्हणालो" म्हटल्यावरच पुढे जायचं. पहिले काही आठवडे हे कृत्रिम वाटतं, लोक कंटाळतात, कुरकुरतात. तरी सोडू नका. 'बसवलं' आणि 'फसवलं' यांची गल्लत जागच्या जागी सापडते ती याच नियमामुळे.

"आमच्या काळी असं नव्हतं" हे वाक्य तुम्हाला प्रत्येक बैठकीत ऐकू येईल. तरुण कर्मचारी ते हसून टाळतात, आणि माझी कळकळीची विनंती आहे की त्यांना तसं करू देऊ नका. साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी माणसाच्या मनात सर्वांत दाट असतात, हे स्मृतीच्या अभ्यासकांना चांगलं ठाऊक आहे. राजकारणाचं मोजमापही बहुधा त्याच वर्षांत हाती येतं आणि पुढे आयुष्यभर माणूस त्याच मापाने मोजतो. म्हणून ते वाक्य आलं की लगेच विचारा, "तेव्हा तुम्ही कुठे होता? तुमच्या घरात काय झालं?" निवाडा द्यायला बसलेला माणूस साक्ष देऊ लागतो. साक्ष खोडायला कोणी धावत नाही, सगळे ऐकतात. एका निवृत्त शिक्षकांना मी असंच विचारलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मत दिलं त्या दिवसाची गोष्ट सांगितली. वडील एका पक्षाचे कार्यकर्ते होते आणि मुलाने गुपचूप दुसऱ्याला मत दिलं होतं. वडील जाईपर्यंत त्यांनी ते सांगितलं नव्हतं. त्या गोलातल्या बाकी सगळ्यांची मतं त्यांच्या विरुद्ध होती. तरी त्या दिवसानंतर त्यांच्याशी कोणी चढ्या आवाजात बोललं नाही.

फोनवरच्या फॉरवर्डबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण संध्याकाळच्या वादांचं सरपण बऱ्याचदा तिथूनच येतं. गेस, नॅगलर आणि टकर यांचा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या संदर्भात नेहमी सांगितला जातो. अमेरिकेच्या २०१६च्या निवडणुकीच्या काळात फेसबुकवर ६५ वर्षांवरच्या लोकांनी सर्वांत तरुण गटाच्या जवळजवळ सातपट खोट्या बातम्या पुढे पाठवल्या. हा आकडा वृद्धांच्या तोंडावर फेकला जातो तेव्हा मला राग येतो, कारण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. त्या वयाच्या १०० पैकी फक्त ११ जणांनी असं काही पाठवलं होतं. उरलेल्या ८९ जणांनी एकही पाठवलं नव्हतं. तुमच्या निवासातही बहुधा तीन-चार जणच हे करत असतील, आणि बहुतेक जण काळजीपोटी करत असतील.

शिवाय शिक्षण किंवा हुशारी इथे पुरत नाही. सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी १० इतिहासतज्ज्ञ, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि २५ विद्यार्थी यांना काही संकेतस्थळं तपासायला दिली. मोठमोठे इतिहासतज्ज्ञही पान खालपर्यंत नीट वाचून, छान मांडणी आणि अधिकृत वाटणारं नाव पाहून फसले. तथ्यतपासनीसांनी पान वाचायला फारसा वेळच घातला नाही. ते पानाबाहेर पडले आणि हे लिहिणारा कोण आहे, त्याच्याबद्दल इतर काय म्हणतात ते शोधलं. आपल्या पिढीला 'नीट, शेवटपर्यंत वाच' असं शिकवलं गेलं आणि नेमकी तीच चांगली सवय इथे घात करते. हे रहिवाशांना असंच सांगा, त्यांना अपमान वाटत नाही. मग आठवड्यातून एकदा मोठ्या पडद्यावर सगळ्यांनी मिळून एखादा मजकूर तपासा. कोणी पाठवला ते नाव झाका. हल्ली आवाज आणि चेहरा हुबेहूब बनवलेल्या चित्रफिती येतात, त्यांतलीही एखादी घ्या आणि मूळ भाषण कुठे सापडतं का ते एकत्र शोधा.

दुरुस्ती करताना एक काळजी घ्या. "अमुक झालं हे खोटं आहे" असं पुन्हा पुन्हा सांगू नका. इयन स्कर्निक आणि सहकाऱ्यांच्या २००५च्या प्रयोगात, एखादी गोष्ट खोटी आहे असं वयस्कांना अनेकदा बजावलं तेव्हा तीन दिवसांनी त्यांतल्या काहींना गोष्ट आठवली आणि 'खोटी' हा शेरा विसरला गेला. नंतरच्या सर्वच अभ्यासांत हा परिणाम इतका ठळक दिसलेला नाही, पण खबरदारी सोपी आहे. खरं काय ते आधी सांगा, खोट्याचा उल्लेख एकदाच करा आणि शेवटी पुन्हा खरं सांगा.

ज्यांना विस्मरण सुरू झालंय त्यांना बैठकीतून वगळू नका. तपशील हरवतात, पण काय आवडतं आणि काय नाही हे पुष्कळ काळ टिकतं. त्यांना गोलात मदत करणाऱ्या माणसाशेजारी बसवा आणि तेच वाक्य तिसऱ्यांदा आलं तरी ऐकून घ्या. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २००६चा आंतरराष्ट्रीय करारही मतदानाचा हक्क आणि गरज पडल्यास आपल्या पसंतीच्या माणसाची मदत घेण्याची मुभा मान्य करतो. मतदानाच्या काळात कर्मचाऱ्यांना एवढं ठणकावून सांगा की मदत म्हणजे हात धरणं, वाचून दाखवणं. मत कोणाला हे सुचवणं त्यात येत नाही, गमतीतही नाही. टपाली मतपत्रिका कर्मचाऱ्यांनी गोळा करून ठेवायच्या नाहीत. प्रचाराला कोणी येऊ इच्छित असेल तर सगळ्या पक्षांना सारखी वेळ द्या, नाहीतर कोणालाच नको. तुमचं स्वतःचं मत दालनात कधीच सांगू नका. आणि अंघोळ घालणाऱ्या, औषध देणाऱ्या मुलींना "तू मत कोणाला देणार?" असं विचारून कोंडीत पकडलं जात असेल तर ते मात्र थांबवा. त्यांना उठून जाता येत नाही.

उरले तुमचे ते दोघे. मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांनी दाखवलंय की पुढचा काळ थोडा आहे असं जाणवू लागलं की माणूस ओळखीपाळखी कमी करतो आणि मोजक्या, जिव्हाळ्याच्या नात्यांत जीव ठेवतो. म्हणजे ११ वर्षांची ही मैत्री दोघांच्याही उरलेल्या थोड्या ठेव्यातली आहे. दोघेही आत दुखावलेले असणार. त्यांना समोरासमोर बसवून समेट घडवू नका, कोणालाही माफी मागायला सांगू नका. वेगवेगळे भेटा, सकाळी, त्यांच्याच खोलीत, दार लावून. "काय झालं?" असं विचाराल तर दोघेही आपली बाजू मांडतील. "त्या दिवशी तुम्ही नेमकं काय ऐकलंत?" असं विचारा आणि दोघांची उत्तरं शब्दशः लिहून घ्या. ती दोन वाक्यं शेजारी ठेवून पाहिल्यावर पुढचं काम बरंच सोपं होतं, असा माझा अनुभव आहे. ऐकण्यातली चूक निघाली तर तसं दोघांना सांगा. मतभेद खराच असेल तर तोही राहू द्या.

मग पहिल्या बैठकीचं ते एक पान तयार करायचं काम या दोघांकडे द्या. ज्यावरून भांडण झालं तो विषय नको, दोघांनाही फारशी माहिती नाही असा निवडा. एकाने माहिती शोधायची, दुसऱ्याने ती पडताळायची आणि सही दोघांची हवी. सुरुवातीला ते कागद तुमच्या हातूनच एकमेकांकडे पाठवतील, तेवढं पोचवायचं काम आनंदाने करा. मी पाहिलेल्या अशा एका जोडीला सात आठवडे लागले. त्यांतल्या एकाने दुसऱ्याच्या खोलीचं दार स्वतः वाजवलं ते अक्षर फार बारीक झालंय, वाचता येत नाही, हे सांगायला. जेवणाच्या टेबलाचं तुम्ही काही करू नका. कुठे बसायचं ते त्यांचं त्यांना ठरवू द्या.